विमानाची पिंपं

यावर तुम्ही विश्वास ठेवणार नाही. ठेवूच नका. माझ्यावर विश्वास ठेवून आजवर कुणाचं भलं झालेलं नाही. आमच्या गावात, खडकविहिरीत, कुणालाही विचारा, कारभारी आचारी कसा माणूस आहे. सांगतील, हाताला चव आहे, तोंडाला लगाम नाही. माझी पुरी एकदा एवढी फुगली की वाढप्याला तिच्यावर वरवंटा ठेवावा लागला, हे मी सांगितलेलं आहे. बासुंदीच्या वासानं बिबट्या मांडवात शिरला आणि पंगतीत शेवटून तिसरा बसला, हेही सांगितलेलं आहे. बिबट्याचं थोडंफार खरं होतं.

पण माणसाच्या केसात त्यानं कुठं कुठं पाणी प्यालं ते वाचता येतं, हे काही मी रचलेलं नाही. ते यंत्र मी या डोळ्यांनी पाहिलंय. माझ्या डोक्यावर केस नाहीत म्हणून त्यात माझी मिशी घातली होती.

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला विमानाचा कारखाना आहे. अख्खं विमान तिथं होत नाही. पंखांचे आणि पोटाचे पत्रे होतात, ते मोठ्या गाड्यांवर लादून पुढं जातात. कारखान्याखालून ओढा निघतो आणि गावाशेजारून वाहतो. कारखान्याच्याही वर, डोंगराच्या कुशीत, जोगवाडी म्हणून वस्ती आहे. हा उतार लक्षात ठेवा. वर जोगवाडी, मध्ये कारखाना, खाली आम्ही.

गेल्या काही वर्षांत गावात मूत्रपिंडाचे आजार वाढले. आधी म्हातारे गेले, तेव्हा कुणी काही बोललं नाही. मग समाधान वाघचौरेची बायको रोहिणी गेली. पस्तिशीही गाठली नव्हती तिनं. समाधान त्याच कारखान्यात कामाला, पत्रे ज्या हौदांत बुडवतात त्या खात्यात. रोहिणीच्या दहाव्याला स्वयंपाक मीच केला होता. समाधाननं पान घेतलं आणि त्यावर हात ठेवून बसून राहिला. मी म्हटलं, "समा, दोन घास खा." तो म्हणाला, "आबा, पाणी नको वाढू." पाणी कुणी वाढत नव्हतं. मला तेव्हा काही कळलं नाही.

गावानं ओढ्याकडं बोट दाखवलं. कारखान्याला दुसरं खातं वाढवायचं होतं, त्यासाठी जनसुनावणी लागली, आणि सुनावणीच्या आधी रसायनांचा माणसांवर, जनावरांवर, पाण्यावर काय परिणाम झाला ते तपासायला सरकारनं एक शास्त्रज्ञ पाठवली. ती शिवन्या. समाधानची सख्खी धाकटी बहीण, आमच्याच गावची लेक. तिनं आधीच वर लिहून दिलं होतं की हे माझं माहेर आहे. वरचे म्हणाले, तुमचे आकडे आम्ही दुसऱ्या प्रयोगशाळेत ताडून बघू, पण गावातली माणसं तुम्हालाच केस देतील.

आणि ते खरंच होतं. परक्या माणसाला केस कोण देतंय? आमच्याकडं केसावरून करणी होते.

शिवन्यानं चावडीच्या ओट्यावर यंत्र मांडलं. केवढं, तर माझ्या पाच लिटरच्या कुकरएवढं. नाव केसवाचक. बायका रांगेनं यायच्या, ती एकेक लांब केस मुळाशी कापून घ्यायची, यंत्राच्या फटीत सोडायची. आत प्रकाशाची एक बारीक सुई. केसाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती सरकत जायची आणि पडद्यावर डोंगररांगेसारखी रेघ उमटायची.

"आबा, केस महिन्याला साधारण बोटाच्या अर्ध्या पेराएवढा वाढतो," ती मला समजावत होती. मी दुपारी रिकामाच असतो, तिच्याशेजारी बसायचो. "त्या महिन्यात रक्तात जे फिरत असतं त्यातलं थोडं केसात अडकतं आणि तिथंच राहतं. कमरेएवढा केस म्हणजे पाच-सहा वर्षांचा हिशेब."

"आणि टकल्यांचं काय?"

"टकल्यांची मिशी."

"आणि तू शोधतेस काय?"

"क्रोमियम." तिनं ओट्याला टेकवलेल्या सायकलच्या चकचकीत हँडलकडं बोट केलं. "हे असं दिसतं तेव्हा निरुपद्रवी असतं. पण विमानाच्या पत्र्याला वर ढगात दमट हवा लागते, समुद्रावरून खारी हवा लागते. पत्र्याला आतून कीड लागू नये म्हणून तो क्रोमियमच्या आम्लात बुडवतात, वर त्याचाच पिवळा रंग देतात. हे क्रोमियम वेगळं. हळदीसारखं पिवळं, पाण्यात चटकन विरघळतं, शरीराला ते आपलंच वाटतं म्हणून आत घेतं. आत गेल्यावर पेशी जाळतं. मूत्रपिंड त्याला गाळायला जातं आणि स्वतःच संपतं. जगातले बरेच कारखाने ते सोडून दुसरी औषधं वापरायला लागलेत. आपल्याकडं हळूहळू चाललंय."

"मग ओढ्याला धरा की."

"तेच बघायचंय."

यंत्रानं गावात पहिला दणका दिला तो वेगळाच. सरपंच भिवसेन आणि त्याचा चुलतभाऊ पंढरी यांचं बांधावरून वैर. भिवसेननं भर चावडीत शपथ घेतली होती की पंढरीच्या घरच्या पाण्याचा थेंब घेणार नाही. केसवाचकानं दोघांची रेघ काढली, तर पंढरीच्या मुलीच्या नुकत्याच झालेल्या लग्नाच्या महिन्यात दोघांचाही उंचवटा एकसारखा! भिवसेनची बायको पडद्याकडं बघून म्हणाली, "त्या दिवशी तालुक्याला बैठक होती ना हो तुमची?" भिवसेन खाली बघत म्हणाला, "जिलबी चांगली झालती." जिलबी माझीच होती, तेव्हा मी त्याला दोष देत नाही.

हसून घेतलं सगळ्यांनी. पण त्या संध्याकाळी दोन तरुण पोरांनी मुंडण केलं, आणि एका सुनेनं सांगितलं की मला केस द्यायचे नाहीत, माझा जीव गेला तरी चालेल. कोण कुणाकडं कधी गेलं हे ज्याचं त्याच्यापाशी असतं म्हणून गावात राहता येतं. शिवन्याला ते कळत होतं. त्या दिवसापासून तिनं पडद्यावर नावं दाखवणं बंद केलं, नुसती रेघ दाखवायची.

मग ती त्याच त्या रेघा पुन्हा पुन्हा काढून बघायला लागली. मी विचारलं, "काय गं, ओढा सापडला का?"

"ओढा स्वच्छ आहे, आबा."

"स्वच्छ?"

"विहिरी स्वच्छ आहेत. ओढ्याकाठची माती स्वच्छ आहे. कारखाना हौदाचं पाणी नीट शुद्ध करून सोडतो. निदान एवढं तरी तो करतो." तिनं पडदा माझ्याकडं वळवला. "आणि हे बघा. क्रोमियमची चार भावंडं असतात, सारखीच, फक्त वजनाला थोडी कमी-जास्त. विष मातीतून झिरपत गेलं की माती त्यातलं हलकं भावंड आधी पकडून ठेवते. पुढं जातं ते जड होत जातं. म्हणजे वजन बघून सांगता येतं की हे क्रोमियम जमिनीतून किती फिरून आलं. आपल्या लोकांच्या केसातलं क्रोमियम अजिबात फिरलेलं नाही. ते थेट हौदातलं आहे. जणू कुणी हौदात तांब्या बुडवला आणि तोंडाला लावला."

"वेडी आहेस का?"

"आणि जोगवाडीतही सापडलंय. कारखान्याच्या वर. पाणी डोंगर चढतं का, आबा?"

मी म्हटलं, माझ्या गोष्टीत चढतं. ती हसली नाही. आठवडाभर ती नकाशावर, विष सापडलं त्या घरांवर, लाल ठिपके मांडत बसली. ओढ्याकाठच्या काही घरांत काहीच नाही, लांब टेकडीवरच्या घरात ढीगभर. एका गल्लीत सगळी घरं लाल, मध्येच एक घर कोरं. ते कोरं घर जनार्दन तात्याचं.

जनार्दन तात्याचं सांगतो. देवळाच्या जागेचा खटला झाला तेव्हा तात्यानं कोर्टात उभं राहून सांगितलं की जागा देवळाची नाही, शेजारच्या विधवेची आहे. खरं तेच होतं. पण गाव हरलं. तेव्हापासून तात्याला कुणी लग्नाला बोलावत नाही, बारशाला बोलावत नाही, मयताला तेवढं जातात. कायद्यानं असं करता येत नाही, म्हणून कुणी करतोय असं म्हणत नाही. नुसती पत्रिका द्यायची राहून जाते.

एक दिवस शिवन्या नकाशाकडं बघता बघता म्हणाली, "आबा, जोगवाडीत आपल्या किती लेकी दिल्यात?"

मी बोटं दुमडत नावं सांगायला लागलो. ती प्रत्येक नावाला नकाशावर बोट ठेवत गेली. लाल ठिपका, लाल ठिपका, लाल ठिपका. बोट थांबलं.

"हे पाण्याचं नाहीच," ती हळू आवाजात म्हणाली. "हे पंगतींचं आहे. जे जेवायला बोलावले गेले ते सगळे यात आहेत. तात्यांना कुणी बोलावलं नाही. आबा, आपल्याकडं कार्यात पाणी कशात भरतात?"

उत्तर सगळ्या गावाला पाठ होतं. विमानाच्या पिंपांत. चार निळी प्लॅस्टिकची पिंपं, कमरेच्या वर उंच, जाड, झाकणाला लोखंडी कडं. लग्न असो, जागरण-गोंधळ असो, शाळेचं संमेलन असो, ती पिंपं हजर. जोगवाडीचं कार्य असलं की ट्रॅक्टरमधून वर जायची. भाडं नाही, काही नाही. परत आली की समाधानच्या अंगणात जांभळाखाली उभी राहायची आणि एरवी त्याच्याच घरचं पाणी त्यांत असायचं.

आम्ही दोघं समाधानच्या अंगणात गेलो. तो कामावर होता. शिवन्यानं पिंप आडवं केलं, आत विजेरी मारली, वाकून डोकं आत घातलं. तळाच्या कडेला, जिथं हात पोचत नाही आणि काथ्याही पोचत नाही, तिथं पिवळसर पुटं धरली होती. दगडासारखी घट्ट. तिनं चिमटीनं खपली काढली आणि तिथंच मांडी घालून बसली.

"पाणी थोडं पिवळं दिसायचं," मी म्हटलं. "आठवतं का तुला? पहिल्या वेळी. बायका म्हणाल्या, हळदीचं पाणी आहे, शुभ आहे. नवरीला हळद उतरवायला त्याच पिंपातलं घेतलं. पुढं तर रीतच पडली. दुसऱ्या पिंपातलं घेतलं तर करवल्या रागवायच्या."

"ती नवरी मीच होते, आबा," शिवन्या म्हणाली.

पुढं शेजारच्या कोंडाबाईच्या म्हशीच्या शिंगानंही तेच सांगितलं. शिंगाला वर्षाचं एक वळं पडतं, झाडासारखं. त्या म्हशीला समाधानच्या अंगणातलं उष्टं पाणी जायचं. क्रोमियमचं पहिलं वळं शिवन्याच्या लग्नाच्या वर्षाचं निघालं. त्याच्या आधीची सगळी वळी कोरी.

त्या संध्याकाळी समाधान घरी आला तेव्हा आम्ही ओसरीवर बसलो होतो. आडवं पिंप बघून तो उंबऱ्यापाशीच थांबला. शिवन्यानं चहा केला होता, विकतच्या बाटलीतल्या पाण्याचा. त्यानं कप हातात घेतला नाही.

"दादा, पिंपं कुठून आणली होतीस?"

"आठवत नाही."

"कारखान्यातून बाहेर कशी आली एवढं सांग. नवीन कायदा तुला ठाऊक आहे. रसायन जिथून निघालं तिथपासून जिथं संपलं तिथपर्यंत साखळी लागते. कारखान्यानं स्वतःच्या हातानं दिलं असेल तर शेवटच्या माणसाच्या औषधपाण्यापर्यंत सगळं कारखान्याच्या अंगावर. चोरून आणलं असेल तर साखळी फाटकाशी तुटते. मग गावाला काहीच मिळत नाही. डायलिसिसचं केंद्र नाही, पाण्याची योजना नाही. कारखाना नवं खातं उघडून मोकळा."

"मी चोर आहे का?"

"मी असं म्हटलं का?"

"सगळं गाव म्हणंल. तात्याचं काय केलं बघितलंस ना? आणि तो खरं बोलला होता." तो आत गेला. माघारी आला आणि म्हणाला, "शिवा, तुझ्या लग्नाला काही कमी पडू नये म्हणून केलं सगळं. तू जा आता."

शिवन्या उठली नाही. न्हाणीच्या भिंतीकडं बघत होती. आमच्याकडं बायका केस विंचरले की फणीत आलेली गुंतवळ बोटाभोवती गुंडाळतात आणि न्हाणीच्या भिंतीच्या फटीत खोचून ठेवतात. भांडीवाली आली की केसांवर वाटी-चमचा मिळतो. रोहिणी गेल्यावर ती फट कुणी साफ केली नव्हती. काळीभोर गुंतवळ तशीच होती, एकावर एक.

शिवन्यानं त्यातली एक बाहेर काढली. तळहातावर धरली.

"दादा, वहिनीचं यात आहे. परवानगी दे. मी वाचते. किती वर्षं, किती, सगळं कळेल. सुनावणीत यापेक्षा मोठा पुरावा नाही."

समाधाननं तिच्या हातातून ती गुंतवळ हिसकावून घेतली. इतक्या जोरात की माझ्या हातातला चहा सांडला.

"हात लावू नको! काय वाचणार आहेस तू? माझ्या अंगणातलं पाणी पिऊन ती मेली, हेच ना? ते यंत्राकडून कशाला ऐकवतेस मला?"

त्यानं गुंतवळ मुठीत घट्ट धरली होती आणि मूठ छातीशी. शिवन्यानं त्याच्या खांद्याला हात लावला, त्यानं तो झटकला. मी पासष्ट गावांत पंगती घातल्यात, भांडणं पाहिलीत, मांडव मोडताना पाहिलेत, पण बहीण-भाऊ इतक्या हळू आवाजात तुटताना पाहिले नव्हते.

"नाही वाचत," शिवन्या म्हणाली. "तुझ्याशिवाय नाही वाचत."

तिनं अहवाल लिहिला. लपवलं काही नाही. लिहिलं की विषाचा पहिला प्रवेश माझ्याच लग्नात झाला. लिहिलं की पिंपं कारखान्याच्या हौदखात्यातली आहेत, याला शंका नाही. आणि एका जागी लिहिलं, पिंपं बाहेर कशी आली हे ठाऊक नाही. भावावर संशय आहे असं ती लिहू शकत होती. पण संशय आणि माहिती या दोन गोष्टी तिनं कधी एका ताटात वाढल्या नाहीत.

सुनावणीचा मांडव शाळेच्या मैदानावर. मांडव बघितला की माझे हात आपोआप चूल शोधतात, पण त्या दिवशी चूल नव्हती. व्यासपीठावर अपर जिल्हाधिकारी मॅडम, शेजारी प्रदूषण मंडळाचे अधिकारी, एका टोकाला शिवन्या आणि तिचं यंत्र. टेबलावर एक पेटी, बोललेलं आपोआप लिहून घेणारी. बाजूला पुरावा म्हणून एक निळं पिंप. सगळं गाव त्या पिंपाकडं बघत होतं. ज्या पिंपासमोर बायकांनी गाणी म्हटली, पोरांनी पळतापळता ज्याच्या तोटीला तोंड लावलं, ते आता बोहल्यावर एकटंच उभं. जोगवाडीचे लोक खाली उतरून आले होते. दोघं-तिघं आजारी होते, त्यांना चादरीवर बसवलं होतं. जनार्दन तात्या मागं कनातीजवळ उभा होता. त्याला बसायला कुणी जागा दिली नव्हती.

कारखान्याचे वकील सबनीस उठले. गोड माणूस. मोठ्यांदा कधी बोलले नाहीत.

"डॉक्टर मॅडमच्या अभ्यासाबद्दल आम्हाला आदर आहे. त्यांनीच सिद्ध केलंय की आमचा ओढा स्वच्छ आहे. राहिलं पिंप. आमच्याकडचं प्रत्येक रिकामं पिंप चिरून नष्ट केलं जातं. तसा नियम आहे. मग हे बाहेर आलं कसं? कुणी आणलं? नाव काय? डॉक्टर मॅडम, तुमच्या स्वतःच्या लग्नात आलेलं पिंप कुणी आणलं हे तुम्हाला ठाऊक नाही?"

"मी विचारलं," शिवन्या म्हणाली. "उत्तर मिळालं नाही."

"मिळालं नाही," वकिलांनी ते शब्द गावाकडं वळवून पुन्हा म्हटले.

जिल्हाधिकारी मॅडमनी मांडवाकडं पाहिलं. "कुणाला माहिती आहे? भीती बाळगू नका. बोललेलं नोंदवलं जाईल."

समाधान चौथ्या ओळीत होता, कामावरच्या निळ्या सदऱ्यात, एक मूठ मिटलेली. सरपंच भिवसेन त्याच्याकडं बघत होता. पंढरी त्याच्याकडं बघत होता. गाव काही विसरत नाही, पिंपं कुणाच्या अंगणात असायची ते शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण बोट दाखवायला कुणी तयार नव्हतं, कारण त्या अंगणातूनच रोहिणी गेली होती. आणि अंगणात होती म्हणजे त्यानंच आणली, याला पुरावा तरी काय?

मग मी उठलो.

"बाई, मला ठाऊक आहे. पण तुम्ही विश्वास ठेवणार नाही."

मांडवात खसखस पिकली. कुणीतरी म्हणालं, "झालं, बिबट्या आला!" मॅडम म्हणाल्या, "आजोबा, मुद्द्यावर बोला."

"मुद्द्यावरच आहे. पिंपं मी आणली."

शिवन्यानं मान वर केली. मी तिच्याकडं बघितलं नाही. गोष्ट सांगताना एका माणसाकडं बघायचं नसतं.

"खंडेनवमी होती. कारखान्यात यंत्रांची पूजा असते, कामगारांना जेवण असतं. जिलबीचं काम माझ्याकडं होतं. आता माझी जिलबी म्हणजे, बाई, ऐकूनच घ्या. एका साहेबानं त्या दिवशी एवढी खाल्ली की त्याला वजनकाट्यावर विमानाच्या पंखाच्या जागी ठेवलं. तर फाटकावरचे पहारेकरी माझ्या कढईभोवती. मी बघितलं, भिंतीशी चार निळी पिंपं. जाड, नवीकोरी. म्हटलं, शिवन्याचं लग्न दिवाळीनंतर, एवढ्या पाव्हण्यांना पाणी कशात भरणार? माझा टेम्पो उभाच होता. कढई खाली उतरवली, पिंपं आत घातली, वर कनात टाकली. पहारेकऱ्यांना एकेक जिलबी आणखी दिली आणि फाटकातून बाहेर. हौदाचा वास आला म्हणून दोन वेळा राखेनं घासली. मला काय ठाऊक आत काय होतं? समाधानच्या अंगणात सावली आहे म्हणून तिथं ठेवली. त्याला मी सांगितलं, तालुक्याच्या बाजारातून आणलीत. त्यानं विश्वास ठेवला. माझ्यावर विश्वास ठेवणारा गावात तेवढा एकच."

आता हसणं थांबलं होतं. चादरीवरची एक बाई माझ्याकडं अशी बघत होती की मला खाली बसावंसं वाटलं. पण मी उभा राहिलो. म्हातारा आहे, किती दिवस वाळीत टाकतील?

वकील सबनीस पुढं आले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच थोडा चढला.

"म्हणजे कारखान्याच्या आवारातून, कुणाला न विचारता, तुम्ही चार पिंपं नेलीत."

"नेली."

"कुणाही अधिकाऱ्यानं दिली नाहीत."

"साहेब लोक जिलबी खात होते."

"म्हणजे चोरी." ते पेटीकडं वळले. "कृपया नोंद व्हावी. चोरी. साखळी फाटकाशी तुटते, मॅडम. याउपर माझ्या अशिलाची कसलीही जबाबदारी..."

"आबा, खोटं!"

ज्या आवाजाची मी वाट बघत होतो तो चौथ्या ओळीतून आला. समाधान उभा होता.

"बसा, बसा," वकील म्हणाले.

"खोटं बोलतायत आबा! यांच्याकडं टेम्पो कधी होता? आजपर्यंत यांची भांडी माझ्या ट्रॅक्टरमधून गेलीत. आणि त्या खंडेनवमीला हे गावातच नव्हते, राहुरीला कुणाच्या साठीशांतीचा स्वयंपाक करत होते. सगळ्या गावाला ठाऊक आहे." तो वकिलांकडं वळला. "चोरी कुणी केली नाही. पिंपं मी आणली. मला दिली. पूजा झाल्यावर आमच्या खात्याच्या साहेबांनी चार पिंपं ओळीनं उभी केली, प्रत्येकाला झेंडूचा हार घातला, हळदीकुंकू लावलं, आणि म्हणाले, समाधान, बहिणीचं लग्न आहे ना, घेऊन जा, पाण्याला कामाला येतील. दर वर्षी कुणाला ना कुणाला देतात. शेजारच्या गावांतून बघा, किती निघतात ती. फाटकावर पहारेकऱ्यांनी हात लावून ट्रॅक्टरवर चढवली."

पेटी लिहून घेत होती. वकील काही बोलणार होते, मॅडमनी हात वर केला.

समाधान ओळीतून बाहेर आला. चादरीवरच्या माणसांना वळसा घालून तो व्यासपीठापर्यंत गेला. पिंपाकडं त्यानं पाहिलं नाही.

"ट्रॅक्टर दारात आला तेव्हा रोहिणी ताट घेऊन बाहेर आली. म्हणाली, विमानाच्या घरून आलेत, ओवाळायला पाहिजे. हार होता म्हणून तिनं पिंपं आतून घासू दिली नाहीत, म्हणाली, पूजेचं आहे, नुसतं खळबळून घे. मी खळबळून घेतली. विहिरीचं पाणी भरलं. पहिला तांब्या मीच तिला भरून दिला."

त्यानं मूठ उघडली आणि काळी गुंतवळ यंत्रासमोर टेबलावर ठेवली.

"वाच, शिवा. मोठ्यानं वाच."